आक्काचं आमेन

आमच्या आक्कानं आमेन म्हटलं की चर्चशेजारच्या केशरबाईच्या छपरातली शेळी उठून उभी राहायची. मी थापा मारत नाही. मिरजगावात जुनी माणसं अजून आहेत, विचारा. चर्चमध्ये पाळकसाहेब प्रार्थना करत असत, आणि त्यांचा आवाज जरा कुठं खाली बसला की आक्काचं आमेन सुटायचं, खणखणीत. मग तिच्यामागून साठ-सत्तर माणसांचं. पाळकसाहेबांना कधी कधी अजून चार वाक्यं बोलायची असायची, पण आक्काचं आमेन पडल्यावर पुढं बोलायची सोय नसे. ते डोळे उघडायचे आणि निमूट पुढचं गीत सांगायचे.

आक्का म्हणजे छबूबाई, माझी थोरली बहीण. मी रतन. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची आणि आक्का चौदाची. वडलांचं घरात लक्ष नव्हतं. तिनंच मला न्हाऊमाखू घातलं, बाराखडी शिकवली आणि लागेल तेव्हा बदडलंही. अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं तेव्हा मी पाठराखीण म्हणून सोबत गेले, ती परत आलेच नाही. सुनेबरोबर एक पोरगी फुकट आली म्हणून तिच्या सासरच्यांनी आधी कुरकुर केली, मग सवय करून घेतली. चार वर्षांत तिचा नवरा काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. मला आणि एका हातमशीनला घेऊन आक्का मिरजगावला परत आली. त्या मशीनवर कपडे शिवून तिनं मला सातवीपर्यंत शिकवलं आणि माझं लग्न लावून दिलं. माझा नवरा एसटीत कंडक्टर, आठवड्यातून दोन दिवस घरी. तेवढं निमित्त करून मी आक्काच्या भिंतीला भिंत लावून संसार थाटला. नवरा कंडक्टर नसता तरी मी दुसरं काहीतरी निमित्त काढलंच असतं.

काही लोकांना देव रविवारी भेटतो. आक्काचा देव दिवसभर तिच्या ओसरीवर बसलेला असायचा. ती त्याला सगळं विचारायची. कापड कापायच्या आधी कात्री खाली ठेवायची, डोळे मिटायची आणि पुटपुटायची, "परभू, ह्या पोराची मांडी किती जाड हाय ते तूच दाखव, ह्याची आय कमीच सांगती." मग कात्री चालवायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई कापडावर मंत्र टाकते. पण तिनं शिवलेली चड्डी कधी उसवली नाही, हेही खरं.

शास्त्रातलं एकही वाक्य तिनं वाया जाऊ दिलं नाही. एक बाई हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावते, घर झाडते, आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते, अशी प्रभूनं सांगितलेली गोष्ट आहे. आक्काची मशीनची सुई एकदा हरवली. भर दुपारी तिनं कंदील लावला, घर झाडलं, माझंही झाडलं, सुई सापडली, आणि सगळ्या आळीला चहाला बोलावलं. त्या चहाच्या खर्चात अशा सुया चार डझन आल्या असत्या. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "मग त्या बाईचं नानं काय लई मोठं हुतं व्हय?"

आणि तो सदऱ्याचा किस्सा. बाजाराच्या दिवशी दोरीवर टांगलेला नवा सदरा उचलून एक माणूस पळाला. अंगातलं कोणी घेतलं तर वरचंही देऊन टाका, असं प्रभूनं सांगितलंय. आक्का त्याच कापडाची चड्डी हातात घेऊन त्याच्यामागं धावली, "आरं थांब, ही बी घिऊन जा! जोड मोडू नगस!" तो बिचारा काय समजला कुणास ठाऊक. मागं वळून बघितलं, चव्वेचाळीस वर्षांची दणकट बाई अंगावर येतेय, तिच्या हातात काहीतरी फडफडतंय. सदरा टाकून तो मिरजगावच्या शिवेपर्यंत थांबला नाही. कापडवाला हैदर आपल्या पालाखाली पोट धरून हसत होता.

हे सगळं एकवेळ ठीक. खरा घोळ आमेनचा होता. आक्काचं म्हणणं, आमेन म्हणजे नुसतं 'तसंच होवो' नव्हे, आमेन म्हणजे आपला अंगठा. दुसऱ्याच्या प्रार्थनेवर तुम्ही अंगठा उठवला की त्या कामाला तुम्ही बांधले गेलात. केशरबाई ऊसतोडीला निघाली तेव्हा शुक्रवारच्या सभेत तिनं प्रार्थना केली, की प्रभू, मागं माझ्या आंधळ्या सासूला कुणीतरी बघणारं दे. सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि घरी गेले. आक्कानं आमेन म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी म्हातारीला पाठुंगळी मारून घरी आणली. पाच महिने सांभाळली. म्हातारी तोंडानं फटकळ होती आणि रात्रंदिवस माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. मी भांडले, तर आक्का म्हणाली, "आमेन म्हनायचं अन् हात झटकायचं? मंग समदं देवानं एकट्यानंच करायचं का?" तिचं आमेन गावात सहीसारखं चालायचं. हैदर ख्रिस्ती नाही, नमाजी माणूस, पण आक्काशी कापडाचा सौदा ठरला की म्हणायचा, "छबूबाई, तेवढं आमेन म्हना, म्हंजी मी मोकळा."

आता पुंजारामचं सांगते. मला सांगताना अजून राग येतो आणि अजून हसू येतं.

पुंजाराम गवंडी. पन्नाशीचा, विधुर, एक मुलगी होती ती खर्ड्याला दिलेली. चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा. ढोलकीवर हात पडला की माणूस असा रंगायचा की गीत संपलं तरी थांबायचा नाही, पण तोंडानं अबोल. त्याच्या सदऱ्याची बटणं तुटायची. तशी सगळ्यांची तुटतात, पण पुंजारामची दर मंगळवारी तुटायची. संध्याकाळी आक्काच्या ओसरीपुढं येऊन उभा राहायचा, मुठीत बटण. आक्का म्हणायची, "या बंधू, काय झालं?" तो मूठ उघडून दाखवायचा. ती बटण लावायची, तो चहा प्यायचा, जायचा. वर्षभरात दोघांमध्ये चाळीस वाक्यं झाली नसतील. एकदा मी तो सदरा हातात घेऊन बघितला, तर दोरा तुटलेला नव्हता, कापलेला होता. मी आक्काला दाखवलं. ती म्हणाली, "गवंड्याचं काम, थापी लागत आसंल." मी कपाळावर हात मारला आणि गप्प बसले. गप्प बसले, कारण मला ते तसंच राहायला हवं होतं.

सन बहात्तर साल ते. पाऊस नाहीच. कर्जतपासून जामखेडपर्यंत जमीन नुसती भेगाळलेली. बांधकामं बंद पडली आणि पुंजारामसकट सगळी माणसं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी तांबडी ज्वारी, मिळायची, तिच्या भाकरी कशाही थापल्या तरी फाटायच्या. कपडे शिवायला कोण येणार? आक्का जुन्याला ठिगळं लावत होती, बऱ्याचदा नुसत्या 'देव बरं करो'वर. अशा वेळी पाळकसाहेबांनी दर शुक्रवारी संध्याकाळी केशरबाईच्या अंगणात पावसासाठी प्रार्थना ठेवली. गोल बसायचं आणि एकेकानं पाळीपाळीनं प्रार्थना करायची. पाऊस सगळ्यांचाच, म्हणून शेजारच्या मळ्यातली रंगुबाईसुद्धा यायची. ती तिच्या खंडोबालाही सांगत होती आणि आमच्याकडंही हजेरी लावत होती. "कुठनं का व्हईना, पडू दे," म्हणायची.

ऑगस्टातल्या एका शुक्रवारी पाळकसाहेब म्हणाले, आज कुणालाही सूट नाही, पुंजाराम बंधूंनीही प्रार्थना करायची. पुंजाराम घामाघूम झाला. उभा राहिला, बसला, परत उभा राहिला, डोळे गच्च मिटले आणि सुरू झाला.

"हे परभू, पाऊस पाड. खर्ड्याकडं पाड, कर्जतकडं पाड, हिकडं बी पाड. हिरींला पानी दे. जनावरास्नी चारा दे. खडी फोडताना बायांची बोटं चेचत्यात, ती संभाळ. मुकादमाला थोडी दया दे."

इथं दोन-चार जण खुसखुसले. पुंजारामला त्यानं जोर आला असावा, किंवा एकदा सुटल्यावर त्याला ढोलकीसारखंच थांबता येईना.

"अन् परभू, आज तोंड उघडलंच हाय तर सांगून टाकतो. छबूबाई समद्यांसाठी राबती. तिचा उजवा खांदा दुखतो, ती कुनाला सांगत न्हाई. त्यो बरा कर. अन् तिला माझ्या घरी यायची बुद्धी दे. भाकरी मी करीन, धुनं मी धुईन. दोघं मिळून तुजं नाव घिऊ."

आवाज खाली बसला.

"आमेन!" आक्का म्हणाली.

खणखणीत. शेळी उठली. आणि तिच्यामागून आम्ही सगळ्यांनी, पंचवीस-तीस माणसांनी, सवयीनं, एका दमात, आमेन म्हटलं. पाळकसाहेबांनीही म्हटलं. मीही म्हटलं! जीभ आधी धावली, डोकं मागून आलं.

एकेक डोळा हळूच उघडायला लागला. केशरबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. कुणीतरी नाकातून फुसकन हसलं, आणि मग जे सुटलं ते सुटलं. दोन महिन्यांत त्या गावात कुणी मनापासून हसलं नव्हतं, ते सगळं एकदम बाहेर आलं. रंगुबाई मांडीवर थापा मारत म्हणाली, "आमचा देव नवसाला बकरं मागतो, तुमचा तर एका सबुदावर नवरा देतो की!" पुंजाराम तेवढ्यात अंगणातून पसार झाला. ढोलकी तिथंच राहिली.

आक्का मात्र गोंधळून इकडंतिकडं बघत होती. कारण तिनं एक शब्द ऐकला नव्हता. केशरबाईची कोंबडी वाळत घातलेल्या मिलोत शिरली होती. रेशनचं धान्य. आक्का मिटल्या डोळ्यांच्या फटीतून तिच्यावर नजर ठेवून पायानं माती उडवत होती. आणि एवढ्या वर्षांच्या सवयीनं तिचा कान फक्त आवाज खाली कधी बसतो तेवढंच टिपत होता.

घरी आल्यावर तिनं मला पुढ्यात बसवलं. "काय म्हनला त्यो?"

मी सांगितलं. पाऊस, विहिरी, जनावरं, मुकादम सगळं सांगितलं. तिला त्याच्या घरी यायची बुद्धी दे, तेही सांगितलं. खांद्याचं तेवढं सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, ते मला तेव्हाच ठाऊक होतं. भिंतीला भिंत लावून राहत होते मी, अर्धं आयुष्य तिच्या हातचं खाल्लं, आणि तिचा खांदा दुखतो हे मला माहीत नव्हतं. महिन्यातून चार वेळा चहाला येणाऱ्या गवंड्याला माहीत होतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. माझी आक्का मला कुणाला द्यायची नव्हती.

"आत्ता गं बया," आक्का म्हणाली. "रतने, मी आमेन म्हनले."

"चुकून म्हटलंस."

"चुकून अंगठा दिला तरी जिमीन जातीच की."

दुसऱ्या दिवशी ती पाळकसाहेबांकडं गेली, मी सोबत. आमेन परत घेता येतं का? पाळकसाहेब भला माणूस, पण असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी दाढी खाजवली, चष्मा पुसला. अजाणता बोललेलं देव धरत नाही, म्हणाले. आक्कानं विचारलं, मग कोंबडीकडं बघत म्हटलेली बाकीची आमेन? तीही धरली नसतील? पाळकसाहेबांना घाम फुटला. पंचांची सभा घेऊ, म्हणाले.

बाजारात हैदरनं आक्काला बघून हातातला गजच खाली ठेवला. "छबूबाई, आमच्यात निकाहाला तीनदा कबूल इचारत्यात. तुमचं एकदाच झालंय. आजून दोन ऱ्हायलेत, घाबरू नका." त्यानं पुढं केलेलं जांभळं कापड आक्कानं न बघताच परत दिलं आणि तरातरा घरची वाट धरली.

रविवार तर विचारू नका. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. आक्का ओठ आवळून बसलेली. आता ती आमेनच म्हणेना, कारण तिला स्वतःच्याच तोंडाची धास्ती बसली होती. पाळकसाहेबांचा आवाज खाली बसला. काही नाही. त्यांनी परत वर उचलला, आजारी लोकांसाठी प्रार्थना केली, परत खाली आणला. काही नाही. मग त्यांनी सरकारसाठी केली, सैनिकांसाठी केली, खर्ड्याच्या आणि कर्जतच्या मंडळीसाठी केली, टपालखात्यासाठीसुद्धा केली. थांबायचं कुठं हेच त्यांना कळेना, आणि आम्हालाही सुरू कुठं व्हायचं ते कळेना. पाऊण तास गेला. शेवटी एक तान्हं पोर रडलं, तेच आम्ही आमेन धरलं.

मंगळवारी पुंजाराम आला. बटणं सगळी जागेवर. ओसरीखाली उभा राहिला, टोपी हातात. आक्काच्या तोंडी 'या बंधू' यायचं ते घशातच अडकलं. बंधू म्हणावं तरी पंचाईत, न म्हणावं तरी पंचाईत.

"छबूबाई, माजं चुकलं," पुंजाराम म्हणाला. "चार मानसांत तुमाला खाली बघाय लावलं. मी परार्थना माघारी घेतो. येत्या शुक्कारी उलटी परार्थना करतो, की परभू, मागचं ऱ्हाऊ दे, छबूबाईला मोकळी कर. तुमी तेवढं आमेन म्हना. ह्या आमेननं त्ये आमेन खोडलं. मंग तुमचा सबुद बी ऱ्हायला अन् तुमी बी मोकळ्या."

मला तो उपाय इतका आवडला की मी स्वतः उठून त्याला चहा करून दिला, जास्त साखरेचा. आक्का मशीनचं चाक उगाच मागं-पुढं फिरवत राहिली. तो गेल्यावर म्हणाली, "बरं झालं." मग सुईत दोरा ओवता ओवता परत म्हणाली, "बरं झालं की न्हाई गं?" मी म्हटलं, लई बरं झालं. शुक्रवारपर्यंत मी ते आमेन तोंडात घोळवत होते. आक्काला उशीर झालाच तर मी म्हणणार होते, तिच्यापेक्षा मोठ्यानं.

गुरुवारी केशरबाई मिलोचं पीठ चाळायला चाळण मागायला आली. आली ती बोलत बसली, आणि बोलता बोलता म्हणाली, "खांदा कसा हाय आता? त्या दिशी पुंजारामनं परार्थनेत सांगितलं तवा आमास्नी कळलं, बाई."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. केशरबाई चाळण घेऊन गेली.

"रतने, खांद्याचं तू सांगितलं न्हाईस."

मी चुलीत फुंकर मारत बसले. चूल पेटलेलीच होती. वाटलं ती आता रागवेल, दोन रट्टे देईल, तसं बरं झालं असतं. पण ती नुसती उठली, आपल्या घरात गेली, आणि दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळानं मी फटीतून बघितलं, तर ती पाटावर बसून उजवा खांदा डाव्या हातानं चोळत होती, आणि तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येत नाही. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

शुक्रवारी केशरबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पाऊस राहिला बाजूला, पंचक्रोशी आमेन ऐकायला लोटली होती. हैदर दुकान आवरून कुडाबाहेर उभा. रंगुबाईनं सोबत दोन जावा आणल्या होत्या. केशरबाईनं या वेळी कोंबडी टोपलीखाली झाकून वर दगड ठेवला होता. पाळकसाहेबांनी सरळ पुंजारामचं नाव घेतलं. त्यांनाही धीर धरवत नव्हता.

पुंजाराम उभा राहिला. या खेपेला आवाज अगदी बारीक.

"हे परभू, मागच्या शुक्कारी मी मागितलं त्ये माघारी घेतो. छबूबाईला माझ्यापासनं मोकळी कर. तिच्या मनाला तरास झाला त्याची मला माफी दे. तिला सुखात ठेव."

आवाज खाली बसला.

सगळ्यांची मान आक्काकडं. मी तिच्या डाव्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लागून. आमेन माझ्या जिभेच्या टोकावर होतं. आक्काचे डोळे या वेळी टक्क उघडे होते, ती पुंजारामकडं बघत होती, आणि तिचे ओठ मिटलेले.

मी पाहत राहिले. एवढं एकच तर म्हणायचं होतं. मी म्हटलं असतं तर माझ्यामागून सगळ्यांनी म्हटलं असतं, तेही सवयीनं, आणि प्रकरण मिटलं असतं. माझी आक्का माझ्या भिंतीपलीकडं राहिली असती, तिच्या दुखऱ्या खांद्यासकट. मी तोंड उघडलंही. आणि मिटलं.

"छबूबाई," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आमेन?"

"मी न्हाई म्हनत," आक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"ह्या परार्थनेला माजं आमेन न्हाई. बाकीच्यांनी म्हनायचं तर म्हना." तिनं पदर खांद्यावर नीट ओढला. "चव्वेचाळीस वर्सं झाली. समद्यांच्या परार्थनेला मी आमेन म्हनले. माजं नाव घिऊन कुनी परार्थना केली न्हवती. पयलीच हाय. तिला मी कशी खोडू?"

केशरबाईनं मान खाली घातली. तिच्या सासूला पाच महिने सांभाळलं होतं आक्कानं. तिथं बसलेल्या प्रत्येकाचं काही ना काही सांभाळलं होतं. आणि माझं तर सगळंच.

पुंजाराम अजून उभाच. डोळे मिटलेले, कारण आमेन झाल्याशिवाय उघडायचे नाहीत हा नियम. "मंग झालं काय?" त्यानं तसंच विचारलं. "माघारी गेली का न्हाई?"

"आवं डोळं उघडा!" केशरबाई ओरडली. "लगीन ठरलं तुमचं!"

त्यानं डोळे उघडले. आधी पाळकसाहेबांकडं, मग आभाळाकडं, मग आक्काकडं बघितलं आणि खालीच बसला, थेट ढोलकीवर. ढोलकीनं असा आवाज काढला की पोरं किंचाळायला लागली. रंगुबाई आणि तिच्या जावा एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. हैदर कुडावरून वाकून ओरडला, "आता दोन झाले, छबूबाई, एकच ऱ्हायला!" टोपलीवरचा दगड कुणाच्या तरी पायानं उडाला आणि कोंबडी पाळकसाहेबांच्या मांडीवरून गेली. आक्का हसत होती. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, एखाद्या पोरीसारखी खिदळत होती. इतक्या वर्षांत मी तिचं ते हसू ऐकलं नव्हतं, आणि मला रडू येत होतं, आणि मीही हसत होते, आणि माझं मलाच कळेना काय चाललंय.

बऱ्याच वेळानं पाळकसाहेबांनी हात वर केले. सभा सभेसारखी व्हायला हवी, म्हणाले, पुढची प्रार्थना कुणाची?

गोलात पुढची पाळी माझी होती. मी दर शुक्रवारी तीच दोन वाक्यं म्हणायचे, पाऊस दे आणि ह्यांची एसटी सुखरूप पोचू दे. मी उभी राहिले, डोळे मिटले.

"प्रभू," मी म्हटलं, "आमची आक्का. छबूबाई. तिचा खांदा बरा कर. तिचा संसार सुखाचा कर. मी तिला काहीच विचारलं नाही कधी. आता तिला भिंतीपलीकडनं जाऊ द्यायचं बळ मला दे."

माझा आवाज आपोआप खाली बसला आणि मी सवयीनं आक्काच्या आमेनची वाट बघितली. ते आलं नाही. पदरात तोंड खुपसून ती नुसती मान हलवत होती. मग पुंजारामनं म्हटलं, आणि केशरबाईनं, आणि मग सगळ्या अंगणानं.